विहिरीतल्या बांबूवरची चिमणी

१

सिद्धराम माझ्या डाळ मिलच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा मी चाळणीच्या मिस्त्रीशी हुज्जत घालत होतो. सिद्धराम म्हणजे माझ्या बायकोचा, उमाचा मामेभाऊ, तिच्या धाकट्या मामांचा मुलगा. निलंग्याजवळच्या गावापासून लातूरपर्यंत फटफटी हाणत आला होता. धुळीनं त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"दाजी, अक्काला घेऊन चला बिगी बिगी. अप्पाच्या गळ्यातलं लिंग चोरीला गेलं. कालपासून पाण्याचा थेंब न्हाई घेतला त्यांनी."

मी मिस्त्रीला तसंच सोडलं आणि जीप काढली.

अप्पा म्हणजे महादेवप्पा, उमाचे थोरले मामा. आमच्यात इष्टलिंग गळ्यातून उतरत नाही. सकाळी डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि पुन्हा चांदीच्या डबीत घालून छातीवर बाळगायचं. एकाच्या लिंगाला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आणि ते हरवलं, तर सापडेपर्यंत अन्नपाणी वर्ज्य, असं जुनी माणसं मानतात. माझ्या पिढीत इतकं कडक कोणी उरलेलं नाही. मी तर लिंग हरवलं तर आधी जेवीन आणि मग शोधीन. पण मामा त्या जुन्या माणसांतले होते. सत्तरी उलटलेला देह, चैत्राचं ऊन, वर दुष्काळ. आजचा दिवस निघाला तर निघाला.

लातूर जिल्हा झाला, कलेक्टर आले, कचेरीवर नवी पाटी लागली. पाऊस तेवढा अजून जुन्या जिल्ह्यातच राहिला असावा, असं लोक म्हणायचे. निलंग्याच्या वाटेवर हिरवं असं काही दिसत नव्हतं. नुसतं रण झालं होतं.

उमा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. दर रविवारी गळ्यात दुर्बीण अडकवून मला माळावर नेते आणि चंडोल, तिरचिमणी, गप्पीदास असल्या मुठीएवढ्या पक्ष्यांमागं उन्हात फिरवते. मला सगळे खाकी दिसतात. परमेश्वरानं उरलेल्या मातीतून केले असावेत.

"काय दिसलं?" ती विचारते.

"खाकी चिमणी."

"उभे कुठं होता तुम्ही? सूर्य कुठं होता? आधी स्वतःची जागा सांगा, मग पक्षी सांगा."

यावर आमचं दर रविवारी भांडण होतं. त्या दिवशी मात्र ती वाटभर दुर्बिणीचा पट्टा बोटांनी पिळत होती.

२

मामा विहिरीजवळच्या लिंबाखाली बाजेवर पडले होते. ओठांना भेगा पडल्या होत्या. गावचा डॉक्टर येऊन गेला होता, मामांनी त्याला सलाईनची बाटली उघडूही दिली नव्हती.

"मामा, मठातले स्वामी नवं लिंग देतील. मी स्वतः जाऊन त्यांना घेऊन येते," उमा म्हणाली.

"नवं कशाला? मरून गेलं का माझं? सापडू दे."

"कसं गेलं, सांगा तरी."

मामा थांबत थांबत बोलले. या लिंबाखाली खापरात ते एका चिमणीसाठी पाणी ठेवायचे. भाचीनं ती बघावी म्हणून महिनाभर निरोप धाडत होते. परवा तिच्यावर मांजरानं झडप घातली, ती थोडक्यात वाचली. म्हणून काल सकाळी पूजा झाल्यावर त्यांनी खापर उचललं आणि पहिल्यांदाच विहिरीतल्या बांबूंवर ठेवलं.

ते बांबू मी पाहिले. विहिरीचा काठ जमिनीबरोबर होता आणि काठाच्या हातभर खाली दोन बांबू शेजारी शेजारी आडवे ठोकलेले होते. विहीर खोल करणारा सटवाजी त्यावर पोतं टाकून सावली करायचा. पोतं वावटळीत उडालं, बांबू राहिले.

"खापर ठिवलं, उठलो, अन् डोळ्यांम्होरं अंधारी आली. कसातरी हितं येऊन टेकलो. जाग आली तवा छाती मोकळी."

उमानं त्यांच्या गळ्यातला दोरा हळूच वर उचलला. डबी गेली होती, दोरा गळ्यातच होता. तुटलेली टोकं तिनं बराच वेळ बोटांत धरून पाहिली आणि सोडून दिली.

"कोण कोण होतं तेव्हा?"

"सटवाजी विहिरीत. सून घरात. सिद्धराम गाडी चालू करून राहिला होता सडकेला. आन् ती चिमणी." मामा किंचित हसले, त्या हसण्यानं ओठाला रक्त आलं. "खापर ठिवलं तशी ती आलीच. तिनं पाह्यला असंल चोर. तिलाच इचार."

उन्हानं माणूस बरळतो, असं मला वाटलं. उमा मात्र ताडकन उभी राहिली.

"अहो, चला. चिमणीबद्दल विचारायचंय सगळ्यांना."

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिलो. मामा मरायला टेकलेत आणि हिला अजून चिमणी पाहिजे!

३

सटवाजीला सिद्धरामनं गोठ्याच्या भिंतीला बसवून ठेवलं होतं. गावात एवढा एकच परका, तेव्हा चोर तोच, असा सगळ्यांचा हिशोब. मजबूत गडी, पण मान खाली. त्याचं घमेलं आणि कुदळ जवळ होती. पहार मात्र दूर, उकिरड्याच्या कडेला फेकलेली.

"ती पहार तिकडं का?" उमानं विचारलं.

"न्हाई धरायची आता," तो म्हणाला.

"काल सकाळी कुठं होतात?"

"हिरीत. सक्काळपासनं तळाला. वर आलोच न्हाई."

"बांबूवर एक चिमणी बसली होती. बघितली का?"

त्याला वाटलं असावं, चला, साधा प्रश्न आला. "हाव, बघितली की. मातीवानी रंग. पाठीवर बारीक बारीक रेघा. टाळू राखाडी. ढेकळात बसली तर दिसायची बी न्हाई."

मी मनात म्हटलं, खाकी. माझाच पक्षी.

शरणम्मा, मामांची सून, आत चुलीपाशी बसली होती. नवरा जनावरं घेऊन छावणीवर गेलेला. तिनं आम्हाला पाणी दिलं. चूल थंडगार होती. तिचेही ओठ फुटले होते आणि बोलताना जीभ टाळूला चिकटत होती. घरच्या माणसानं अन्नपाणी सोडल्यावर सुनेच्या घशाखाली काय उतरणार, असं मला वाटलं आणि तिची दया आली.

"वहिनी, काल त्या वेळी तुम्ही कुठं होता?"

"घरातच की. दळण करून राहिले हुते." तिनं जात्याकडे बोट दाखवलं. जात्यामागच्या कोनाड्यात एक पितळी डबा होता आणि त्याच्या पुढ्यात बेलाचं एक पान पडलं होतं. हिरवं आणि ताजं.

"आणि ती बांबूवरची चिमणी? दिसली का कधी?"

"दिसली की, कालच. लई येगळी. सटवाजीला भाकरी द्यायला गेले तवा." ती जरा सावरली. "म्हंजे नंतर. लांबूनच दिसली. गळ्यापासनं पोटापस्तोर काळी, तव्याच्या बुडावानी. अन् गाल पांढरे फेक."

काळी! सटवाजीची तर मातकट होती. म्हणजे पक्षी दोन झाले. मी बोटावर मोजून ठेवले.

सिद्धराम सडकेला फटफटीपाशी होता. मला पहिल्यापासून त्याचाच संशय. मामांनी शेत सोडून लातूरला यावं आणि जमीन त्याच्याकडे कसायला द्यावी, म्हणून वर्षभर तो मागं लागला होता.

"चिमणी?" तो वैतागला. "अक्का, हितं माणूस मरून राहिला अन् तू चिमणी काय इचारती? एक बघितली बाबा. वर वर चढली, अन् पंख मिटून धोंड्यावानी खाली. मला वाटलं मेली. तर भुईजवळ येऊन पुन्हा वर. शिट्टी मारीत. मग गेली विहिरीकडं. बास? आता मी निलंग्याला जातो अन् जमादाराला घेऊन येतो. दोन दणके बसले की सटवाजी बोलतो का न्हाई बघ."

त्यानं फटफटीला किक मारली.

"सिद्धू, ऊन उतरेपर्यंत थांब," उमा म्हणाली. "मग मी अडवणार नाही."

तो तिचं ऐकतो. गाडी बंद केली, पण किल्ली त्यानं खिशात घातली नाही, हातातच ठेवली.

४

"पक्षी तीन आहेत," मी उमाला सांगितलं. "एक मातकट, एक काळा, एक आकाशातून पडणारा. आणि चोर एक आहे. सिद्धराम. मामांना झापड लागलेली बघून दोरा कापला, डबी लपवली. मामा गेले की जमीन याची."

"दोरा कापलेला नाही. टोकं विस्कटलीत. झिजून तुटलाय तो."

"म्हणजे?"

"आणि जमीन मामांच्या मुलाची आहे, सिद्धूची नाही. मामा गेले तर कसायलाही मिळायची नाही." ती विहिरीकडे चालू लागली होती. "तुम्ही असं करा, खाली उतरा."

"कुठं?"

"विहिरीत."

मी डाळ मिलचा मालक आहे, माझ्या अंगावर ते दिसतं. पण मामांकडे पाहिलं आणि मुकाट्यानं शिडीवर पाय ठेवला. तळाला ओल म्हणून नव्हती. सगळीकडे पहारीचे घाव होते आणि एका जागी माती हातानं उकरून पुन्हा दाबून बसवली होती. वर बघितलं तर आभाळाचं गोल भोक, त्यावर दोन बांबूंच्या रेघा आणि उमाचा हात. तिनं खापरात पाणी ओतलं आणि ती मागं सरून काठाशी पालथी पडली.

आम्ही वाट बघत राहिलो. माझ्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. शेवटी एक बारीकशी शीळ ऐकू आली आणि फडफडत काहीतरी बांबूवर बसलं.

गळ्यापासून पोटापर्यंत काळंभोर. गाल पांढरे.

"अगं उमा," मी शक्य तितक्या हळू ओरडलो, "ही ती काळी! दुसरी!"

वरून तिचा आवाज आला. "मला मातकट दिसतेय. राखाडी टाळू, पाठीवर रेघा. हलू नका."

"अगं पण काळी आहे!"

"तीच आहे हो. तुम्ही दुसरीकडे आहात."

मी धापा टाकत वर आलो तेव्हा ती तिथंच मातीत बसली होती आणि तिचे डोळे भरले होते.

"डोंबारी म्हणतात हिला. चंडोलाच्या जातीतला नर. वरून मातीसारखा, खालून काळा. आभाळातून धोंड्यासारखा पडतो तोही हाच. झाडावर, काठीवर सहसा बसत नाही, जमिनीवरच असतो. पण तहान कुठंही बसायला लावते."

"म्हणजे तीन नव्हेत?"

"एकच. बघणारे तीन ठिकाणी होते. सिद्धूनं तो लांबून, आभाळात बघितला, म्हणजे तो खरंच सडकेला होता. सटवाजी म्हणतो, मी तळातून वर आलोच नाही. मग बांबूवर बसलेल्या पक्ष्याची टाळू त्याला कशी दिसली? टाळू आणि पाठ काठावरून दिसते. आणि शरणम्मा म्हणते लांबूनच बघितली. लांबून तर बांबूच दिसत नाहीत, काठाच्या हातभर खाली आहेत. पोट फक्त खालून दिसतं."

"आभाळाकडे बघितलं की कुठलाही पक्षी काळाच दिसतो," मी म्हणालो. नवऱ्यानं अधूनमधून शंका काढावी लागते.

"सावली असती तर गालही काळेच दिसले असते. तिनं पांढरे गाल सांगितले." उमा उठली आणि साडीची माती झाडू लागली. "पक्षी बांबूवर कालच पहिल्यांदा आला. नंतर खापर कोणी भरलंच नाही. म्हणजे काल सकाळी विहिरीत काम करणारा गडी वर होता, आणि घरात दळणारी बाई विहिरीच्या तळाला होती."

मी पार गोंधळलो. घरंदाज सून गड्याच्या शिडीनं कोरड्या विहिरीत कशाला उतरेल?

"जी वस्तू त्याला उचलता येत नव्हती, ती उचलायला," उमा म्हणाली.

५

शरणम्मा जात्यापाशी बसली होती. उमा तिच्याजवळ बसली आणि तिचा हात हातात घेतला.

"वहिनी, मामांनी खापर ठेवायला काठावरून वाकून हात खाली घातला, तेव्हा डबी गळ्यातून लोंबली. दोरा झिजलेला होता. डबी खाली पडली आणि मामांना कळलंही नाही. त्यांना तर चक्कर आली होती. बरोबर?"

शरणम्मानं जात्याचा खुंटा धरला.

"सटवाजीनं दुसऱ्याचं लिंग म्हणून हात लावला नाही. तो वर आला, तुम्हाला हाक मारली. घरचं माणूस म्हणून तुम्ही उतरलात आणि पदरात उचललंत. एवढंच असतं तर तुम्ही धावत जाऊन मामांच्या हातात दिलं असतं. पण त्याची पहार त्यावर बसली होती. म्हणून तो आता पहार धरत नाही."

"त्याची चूक न्हाई वो!" शरणम्मा एकदम फुटली. "त्यानं बघितलंच न्हाई पडताना. घाव घातला अन् चांदी चमकली. दोरा मी वळला हुता, माजी चूक. लिंग फुटलं अक्का. फुटलं तर गळ्यात बांधणारा जगत न्हाई म्हनत्यात. हरवलं म्हनलं तर स्वामी नवं देतील, मामा जगतील, म्हून मीच त्याला आण घातली. तोंड उघडू नको म्हनलं. चोर म्हनून घेतलं त्यानं, पन बोलला न्हाई. मला काय ठावं मामा पाणी सोडतील! आता सांगितलं तरी मरतील, न्हाई सांगितलं तरी मरतील."

"आणि तुम्हीही पाणी सोडलंत."

तिनं फुटलेले ओठ पदरानं झाकले. मघाशी तिनं दिलेला पाण्याचा तांब्या मी एका दमात रिकामा केला होता.

उमा कोनाड्याकडे वळली, पण डब्याला हात लावला नाही. "बेल वाहिलात ना त्याला? मग तुम्हीच उचला. मामांना तुम्हीच सांगा."

"मरतील वो ते."

"न सांगता तर नक्कीच."

शरणम्मा पदरात डबा घेऊन निघाली. अंगणातून लिंबापर्यंत जायला तिला किती वेळ लागला, देव जाणे. गोठ्यापाशी सटवाजी उठून उभा राहिला. सिद्धराम किल्ली घेऊन जवळ आला. तिनं सासऱ्याच्या पायांशी डबा ठेवला, कपाळ बाजेवर टेकलं आणि सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही.

मामांनी चेपलेली चांदीची डबी उघडली. लिंगावरचा काळा लेप तडकला होता, त्याचे तुकडे त्यांच्या तळहातावर पडले. मला खरोखर वाटलं की आता यांचे डोळे मिटणार.

मामांनी अंगठ्यानं उरलेला लेप बाजूला सारला. आत बोराएवढा दगड होता, गुळगुळीत आणि अखंड. त्यांनी तो डाव्या तळहातावर घेतला आणि कपाळाला लावला.

"वरचं फुटलंय," ते म्हणाले. "लेप हाय त्यो. माज्या बापाचा बी तडकला हुता. स्वामींनी पुन्हा चढवला. आतलं कवा फुटतंय व्हय, खुळे?"

शरणम्मा वर बघेना. मामांनी दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

उमानं पाण्याचा पेला पुढं केला. मामांनी तो तोंडाला न लावता सुनेकडे सरकवला. "आदी हिला. काल मी डोळं मिटून पडलो हुतो, आंधळा न्हाई झालो. हिनं बी घोट घेतला न्हाई."

ती प्यायली. मग ते प्यायले, घोट घोट. सिद्धरामनं किल्ली खिशात टाकली आणि सटवाजीशेजारी जाऊन उगीचच उभा राहिला. माफी मागता येत नव्हती त्याला. शेवटी तो उकिरड्याकडे गेला, पहार उचलून आणली आणि सटवाजीपुढं धरली. सटवाजीनं मामांकडे बघितलं.

"घे की," मामा म्हणाले. "पाणी काय लिंबाला लागनार हाय का?"

पेल्यात तळाशी थोडं पाणी उरलं होतं. मामांनी तो पेला माझ्या हातात दिला. "दाजी, खापर भरा तेवढं. दुपार लई तापली."

मी विहिरीच्या काठाशी पालथा पडलो. खापर हातभर खाली होतं, माझा हात जेमतेम पुरला. पाणी ओतलं आणि सुकलेल्या बांबूवर मातीचं एक ढेकूळ येऊन बसल्यासारखं काहीतरी बसलं. राखाडी टाळू. पाठीवर बारीक रेघा. खाकी नव्हतंच ते.

"काय दिसतंय?" मागून उमानं विचारलं.

"मी काठावर आहे," मी म्हणालो. "ऊन डाव्या हाताला आहे."

ती हसली नाही. मागून कोणीतरी माझा सदरा घट्ट धरला होता. मान वळवून पाहिलं तर शरणम्मा होती, आणि तिची नजर पक्ष्यावर नव्हती, माझ्या गळ्यातल्या दोऱ्यावर होती. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की माझा डावा हात मघापासून छातीवरच्या डबीवर आहे.